बेळगाव–कित्तूर–धारवाड रेल्वेला उशीर का होतो, आणि वाट पाहणाऱ्याने नेमके काय पाहावे

खानापूर तालुक्याच्या पूर्व भागातील एका तरुणाने मला विचारले आहे की, बेळगाव–कित्तूर–धारवाड या नव्या रेल्वेमार्गाला २०२० मध्ये मंजुरी मिळाली, त्यानंतर दरवर्षी ‘काम लवकरच सुरू’ अशी बातमी वाचायला मिळते, मग घोडे नेमके अडले कुठे? त्याची धाकटी बहीण धारवाडला शिकते आणि शनिवारी गर्दीच्या बसमधून उभ्याने घरी येते, म्हणून तिला ही रेल्वे उद्याच हवी आहे. वडिलांचे भाताचे शेत मात्र आखणीच्या खुणांजवळ आहे, म्हणून त्यांना ती नकोच आहे. एकाच घरातील हे दोन सूर मला ओळखीचे आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ मी रेल्वेच्या नव्या मार्गांची आखणी, भूसंपादन आणि मातीकाम यांत घालवली असून निवृत्तीनंतर बेळगावातच राहतो. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी हा मार्ग मुळात का हवा, ते पाहू. आज बेळगावहून रेल्वेने धारवाडला जायचे तर गाडी प्रथम दक्षिणेला खानापूरमार्गे लोंढ्याला उतरते आणि तेथून पूर्वेला वळून अळणावरमार्गे धारवाड गाठते. हे अंतर सुमारे १२१ किलोमीटर भरते. नकाशावर हा त्रिकोणाच्या दोन बाजूंचा प्रवास आहे. एकोणिसाव्या शतकात सदर्न मराठा रेल्वेने मीटरगेज रूळ टाकले, तेव्हा देशावरचा माल मार्मागोवा बंदराकडे नेण्याला महत्त्व होते, म्हणून लोंढा हे जंक्शन झाले आणि बेळगाव–धारवाड या सरळ प्रवासाचा विचार मागे पडला. १९९० च्या दशकात रूळ रुंद झाले, वाट मात्र तीच राहिली. कित्तूरवरून जाणारा नवा मार्ग सुमारे ७३ किलोमीटरचा आहे. २०२४ मध्ये सुरू झालेली पुणे–हुबळी वंदे भारत असो किंवा ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली बेळगाव–बंगळूर वंदे भारत असो, गाडी कितीही वेगवान आणली तरी तिला लोंढ्याचा फेरा चुकत नाही. धारवाडचे विद्यापीठ, कृषी विद्यापीठ आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ यांच्याकडे रोज जाणारी माणसे म्हणूनच महामार्गावरची बस पकडतात. लोकांची उत्सुकता अगदी रास्त आहे, हे मी प्रथमच नमूद करतो.

आता उशिराकडे वळू. दिवंगत रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांनी या मार्गाचा पाठपुरावा केला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले त्याच सुमारास सुमारे ९२७ कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी मिळाल्याचे जाहीर झाले. लोकांनी त्या दिवसापासून दिवस मोजायला सुरुवात केली. बांधकामात काम करणारा माणूस तसे मोजत नाही. ‘मंजुरी’ या एका शब्दात चार-पाच निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात: सर्वेक्षणाला मंजुरी, अर्थसंकल्पात कामाचा समावेश, अंतिम आखणीच्या सर्वेक्षणानंतर तपशीलवार अंदाजपत्रकाला मंजुरी आणि मग प्रत्यक्ष निधी. रेल्वेच्या ज्या पुस्तिकेत कामांची यादी छापली जाते, तिला खात्यात आम्ही पिंक बुक म्हणतो. त्यात काही कामांपुढे केवळ १००० रुपयांची तरतूद दिसते. तिचा अर्थ एवढाच की काम यादीतून काढलेले नाही. वर्तमानपत्रात मात्र त्याचीही बातमी ‘रेल्वेमार्गाला हिरवा कंदील’ अशी होते आणि गावात पेढे वाटले जातात.

हे कागद पुढे सरकतात, त्यांना लागणारा वेळही साधारण ठरलेला असतो. खरा वेळ जातो तो जमिनीत, आणि या प्रश्नाचे माझे मुख्य उत्तर हेच आहे. मंजुरी कधी मिळाली यापेक्षा सलग जमीन कधी हाती आली, ही तारीख महत्त्वाची.

तुलनेसाठी आपल्याच जिल्ह्यातील दुसरे काम पाहा. पुणे–मिरज–लोंढा दुहेरीकरण २०१५-१६ मध्ये मंजूर झाले, आणि त्यातील लोंढा–बेळगाव–घटप्रभा हा भाग २७ फेब्रुवारी २०२३ रोजी बेळगावात पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. त्याच कार्यक्रमात नूतनीकृत बेळगाव स्थानकाचेही लोकार्पण झाले. सात-आठ वर्षांत एवढे काम उरकले, कारण दुसरा रूळ बहुतांशी पहिल्या रुळाच्या शेजारी, रेल्वेच्याच हद्दीत बसला. याउलट बागलकोट–कुडची हा १४२ किलोमीटरचा नवा मार्ग घ्या. तो २०१०-११ मध्ये मंजूर झाला. राज्याने जमीन द्यायची आणि खर्चाचा अर्धा वाटा उचलायचा, असे ठरले. बागलकोट ते खज्जिडोणी हा पहिला ३० किलोमीटरचा टप्पा झाला आणि पुढची वाटचाल रखडली. रायबाग तालुक्यातील कुडचीकरांनी त्या गाडीची वाट पाहण्यात उमेदीची वर्षे घालवली आहेत. हुबळी–अंकोला मार्ग तर १९९६-९७ चा आहे आणि तो पश्चिम घाटाच्या जंगलाच्या प्रश्नात अडकला. तिन्ही ठिकाणी खाते तेच, यंत्रसामग्रीही साधारण तीच. फरक पडला तो पायाखालच्या जमिनीमुळे.

कित्तूर मार्गावर जंगलाची तशी मोठी अडचण नाही. अडचण आहे ती पिकाऊ जमिनीची, आणि ती मुख्यतः बेळगावच्या बाजूला आहे. देसूर, गर्लगुंजी, नंदिहळ्ळी, नागेनहट्टी या भागातील शेतकऱ्यांनी सुरुवातीपासून हरकत घेतली आहे आणि मार्ग नापीक जमिनीतून वळवावा अशी त्यांची मागणी राहिली आहे. या हरकतीला ‘विकासात अडथळा’ म्हणून मोकळे होणारे बरेच लोक मी पाहिले आहेत. मला ते मान्य नाही. बेळगाव बासमतीचा वास ज्याने येळ्ळूर–वडगावच्या शिवारात भात पोटरीला आल्यावर घेतला आहे, त्याला त्या जमिनीची किंमत सांगावी लागत नाही. भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर येते आणि वर्षाला दोन पिकांचा आधार मिळतो. शिवाय हलगा–मच्छे बायपास रस्त्यासाठीच्या जमिनीचा वाद याच परिसराने वर्षानुवर्षे न्यायालयात आणि बांधावर अनुभवला आहे. त्यामुळे मोजणीदार शिवारात दिसला की माणसे आधी धास्तावतात, प्रश्न नंतर विचारतात.

शेतकरी मला नेहमी विचारतात की, रूळ तर दोन हातांच्या अंतरावर असतात, मग आमच्या शेताचा एवढा पट्टा का घेता? याचे गणित सोपे आहे आणि ते प्रत्येकाला समजावून सांगितले पाहिजे. ब्रॉडगेजच्या एकेरी मार्गासाठी भरावाचा माथा ७.८५ मीटर रुंद ठेवतात. भराव ६ मीटर उंच असेल आणि त्याचा उतार एकास दोन असेल, तर प्रत्येक बाजूला आणखी १२ मीटर पायथा लागतो. म्हणजे तळाशी जवळजवळ ३२ मीटर झाले. त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याचा चर, कुंपण आणि पुढेमागे दुसरा रूळ टाकायचा झाल्यास राखलेली जागा धरली की पट्टा सहज चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे जातो. दोन एकरांच्या शेतातून असा पट्टा तिरका गेला, तर उरतात दोन त्रिकोणी तुकडे. एकाला वाट राहत नाही, दुसऱ्याला पाणी. भरपाई पट्ट्याची मिळते, पण नुकसान त्या तुकड्यांचेही झालेले असते. म्हणून भराव कमी उंचीचा ठेवणे किंवा आखणी बांधाला धरून नेणे यासाठी शेतकऱ्याने आग्रह धरला, तर त्यात काही गैर नाही. कागदावर रेघ सरकवायला काही आठवडे लागतात, आणि भराव टाकल्यावर तीच रेघ सरकवायची म्हटले तर वर्षे जातात.

यासंबंधी एक अनुभव सांगतो. नोकरीत असताना, दुसऱ्या एका जिल्ह्यातील नव्या मार्गावर आमच्या पथकाने एप्रिल महिन्यात पाहणी करून मोऱ्यांच्या, म्हणजे भरावाखालून पाणी जाऊ देणाऱ्या वाटांच्या, जागा ठरवल्या. सगळे शिवार कोरडे ठणठणीत होते, नकाशावर एक ओघळ दिसत होता, तेथे आम्ही मोरी दाखवली. जुलैमध्ये एक वयस्क शेतकरी मला हाताला धरून बांधावर घेऊन गेले. घोटाभर पाण्यात उभे राहून त्यांनी विळ्याने दाखवले, “साहेब, पाणी हितनं जातंय, तुमची मोरी तिकडं कशाला?” पाणी खरोखरच आमच्या मोरीपासून सुमारे चाळीस मीटरवरून, तीन खाचरे ओलांडून वाहत होते. नव्या भरावाने ते अडले होते आणि वरच्या अंगाची रोपे पिवळी पडली होती. लोकांनी काम थांबवले, आणि ते योग्यच केले. नवी मोरी बांधेपर्यंत पूर्ण हंगाम गेला. ती चूक आमची होती. पहिल्याच पाहणीत त्या काकांना सोबत घेतले असते तर ना त्यांचे पीक गेले असते, ना आमचे वर्ष. तेव्हापासून माझे ठाम मत आहे की, भातशेतीच्या मुलखात पावसाळ्यात शिवार फिरल्याशिवाय मोरीची जागा पक्की करू नये.

भूसंपादनाचा क्रमही समजून घ्यावा. या मार्गासाठी जमीन घेण्याचे काम राज्याच्या औद्योगिक क्षेत्र विकास मंडळामार्फत चालते. १९६६ च्या त्यांच्या कायद्यात कलम २८ खाली आधी प्राथमिक अधिसूचना निघते, मग खातेदारांना नोटिसा, हरकती, सुनावणी आणि त्यानंतर अंतिम अधिसूचना, असा क्रम आहे. ताबा आणि भरपाई त्याच्याही पुढे. प्रत्येक पायरीवर मुदत असते, पण मुदतीपेक्षा जास्त वेळ उताऱ्यातील नावे खातात. आजोबांच्या नावावरील सर्व्हे नंबर, चार भावांची तोंडी वाटणी, वारसा नोंद न झालेली बहीण, मुंबईला गेलेला हिस्सेदार आणि जागेवरच्या बांधाशी न जुळणारा मोजणीचा नकाशा, ही आपल्याकडची घरोघरची स्थिती आहे. एका सर्व्हे नंबरमध्ये सात नावे असतील आणि त्यातील दोन हयात नसतील, तर त्या एका तुकड्याची भरपाई अडते. त्यातच नोटीस कन्नडमध्ये आणि वाचणारा मराठी शाळेत शिकलेला, असे सीमाभागात सर्रास घडते. हरकतीची मुदत निघून जाते आणि घरातल्यांना नोटिसीत काय होते ते नंतर कळते. माणसाला त्याच्या जमिनीविषयीचा कागद त्याला समजणाऱ्या भाषेत मिळावा, यासाठी मी नोकरीत असतानाही आग्रह धरला होता आणि आजही धरतो. त्याने काम लांबत नाही, उलट विश्वास लवकर बसतो.

‘सलग’ या शब्दावर मी भर दिला, त्याचेही कारण सांगतो. ७३ पैकी ५५ किलोमीटर जमीन हाती आली, असे ऐकले की तीन-चतुर्थांश काम मार्गी लागले असे वाटते. तसे नसते. मातीकामात एका टेकाडाच्या खोदाईतून निघालेली माती पुढच्या सखल भागाच्या भरावात जाते आणि ती मार्गाच्या पट्ट्यावरूनच वाहून न्यायची असते. मधल्या एका गावाची जमीन मिळाली नाही, तर डंपरना गावरस्त्यांवरून फेरा पडतो, रस्ते फुटतात, लोक अडवतात, खर्च वाढतो आणि कंत्राटदाराची यंत्रे उभी राहतात. मग तो नुकसानीचा दावा लावतो, कंत्राट मध्येच बंद होते आणि नव्या दराने पुन्हा निविदा निघते. ज्या जुन्या मार्गांचा खर्च कित्येक पटींनी वाढल्याचे आपण वाचतो, त्यांच्यामागे बहुधा हीच साखळी असते. त्यापेक्षा बहुतांश जमीन ताब्यात आल्यावरच काम देणे शहाणपणाचे ठरते, मग त्यासाठी आधी वर्षभर काही होत नाही असे दिसले तरी चालेल.

जमीन मिळाल्यावरही बेळगावचा पाऊस आहेच. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मातीकाम बंद करावे लागते, ते दसऱ्याच्या आसपास पुन्हा उभे राहते. वर्षाचे बारा महिने कागदावर असले तरी मातीकामाला त्यातले साताठच मिळतात. त्यातून आपल्याकडे जमीन बदलते. पश्चिमेकडची तांबडी, मुरमाड माती, मार्ग पूर्वेला सरकू लागला की, काळ्या मातीला जागा देते. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की हातभर भेगा पडतात, म्हणून ती काढून मुरूम भरावा लागतो. भराव सुमारे ३० सेंटिमीटरच्या थरांत टाकून प्रत्येक थर दाबायचा, त्याची घनता तपासायची आणि मगच वरचा थर टाकायचा, ही शिस्त घाईत मोडली तर पुढे गाड्यांना त्या जागी कायमची वेगमर्यादा येते. मलप्रभेवरचा पूल हे या मार्गावरील आणखी एक मोठे काम. कणकुंबीच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी खानापूरवरून एम. के. हुबळीजवळ महामार्गाखालून जाते, आणि नव्या मार्गालाही ती ओलांडावीच लागेल. पुलाचे खांब पूर येण्यापूर्वी पाण्याच्या वर आणता आले नाहीत, तर अख्खा पावसाळा हात बांधून बसावे लागते. ऑगस्ट २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या सावधगिरीचे कारण सांगायला नको.

बेळगाव शहरातील वाचकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण तिच्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. नव्या मार्गावर फाटके ठेवत नाहीत. तेथे उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग बांधतात. पण नवा मार्ग देसूरच्या बाजूने शहरात शिरतो, म्हणजे त्याच्या सर्व गाड्या टिळकवाडीतील जुन्याच रुळांवरून स्थानकात येणार. तिसऱ्या गेटवर पूल झाला आहे. पहिल्या आणि दुसऱ्या गेटवर मात्र आजही सकाळी शाळेच्या वेळी स्कूटर बंद करून माणसे घड्याळाकडे पाहत उभी असतात. गाड्या वाढल्या की गेट अधिक वेळ बंद राहणार. तेथील कामाचा आग्रह शहराने आताच धरावा. गाडी सुरू झाल्यावर धरून उपयोग नाही.

मग वाट पाहणाऱ्याने काय पाहावे? कोनशिलेकडे आणि घोषणेतल्या तारखेकडे पाहू नका. अंतिम अधिसूचना आपल्या गावाची निघाली का, शेजारच्या दोन्ही गावांची निघाली का, आणि भरपाईचे पैसे खात्यात जमा झाले का, हे पाहा. त्यानंतर विजेचे मोठे खांब आणि पाण्याच्या वाहिन्या हलवण्याचे काम दिसेल. मग मोऱ्या आणि लहान पूल दिसतील, कारण भरावाच्या आधी ते उभे राहिले पाहिजेत. शिवारात नुसत्या मोऱ्याच मोऱ्या उभ्या दिसल्या की समजावे, काम खऱ्या अर्थाने सुरू झाले. तेथून पुढे, जमीन सलग असेल तर, या लांबीच्या मार्गाला चार-पाच कोरडे हंगाम धरावेत, असा माझा अंदाज आहे. रूळ टाकणे हा त्यातला सर्वांत झटपट होणारा भाग. शेवटी रेल्वे सुरक्षा आयुक्त पाहणी करतात, वेगाची चाचणी होते आणि त्यांनी मान्यता दिल्यावरच प्रवासी गाडी सोडता येते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. त्यांनी त्रुटी काढल्यामुळे लोकार्पण पुढे गेले, तर त्याबद्दल कुणी चिडू नये.

‘नियोजित स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ म्हणून प्लॉट विकले जातात, त्याविषयीही पुष्कळ जण विचारतात. अंतिम आखणी शंभर मीटर सरकली तरी तो प्लॉट संपादनात जाऊ शकतो. बिनशेती आदेश, ताजा उतारा आणि अधिसूचनेतील सर्व्हे नंबर हे तिन्ही स्वतः ताडून पाहिल्याखेरीज रुपयाही देऊ नका.

आता त्या तरुणाच्या वडिलांसाठी. काका, नोटीस येण्याची वाट न पाहता घरातील वारसा नोंदी आधी पूर्ण करून घ्या आणि उताऱ्यावर प्रत्यक्ष पीक लागले आहे का ते तपासा, कारण भरपाईच्या वेळी कागदावरचेच पीक धरले जाते. विहीर, कूपनलिका, झाडे आणि बांध यांची नोंद पंचनाम्यात आपल्या उपस्थितीत झाली पाहिजे. संमतीने दर ठरवण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कन्नड जाणणाऱ्या वकिलाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. संमती दिल्यावर वाढीव भरपाई मागण्याचा मार्ग सहसा बंद होतो, उलट निवाडा मान्य नसल्याचे लेखी नोंदवून रक्कम स्वीकारली तर तो खुला राहतो. हरकत घ्यायचीच असेल, तर ‘रेल्वे नको’ एवढेच लिहून थांबू नका. शेताचा कोणता तुकडा वाटेविना राहतो, पाणी कोठून कोठे जाते आणि मोरी व भुयारी वाट कोठे हवी, हे नकाशावर काढून जोडा. सुनावणीत अशा अर्जाला उत्तर द्यावेच लागते.

आणि येत्या जुलैमध्ये, भात लावणीनंतर मोठा पाऊस झाला की, मुलाला सोबत घेऊन आखणीच्या खुणांवरून एकदा चालत जा. पाणी जेथून वाहते तेथे मोबाइलवर फोटो काढा, तारीख लिहा आणि सर्व्हे नंबर टाका. शेजारच्या शेतकऱ्यांनीही तसेच केले, तर वीस-पंचवीस फोटोंची एक फाइल तयार होईल. माझ्याकडे ती घेऊन आलात, तर मोऱ्यांच्या जागा नकाशावर मी स्वतः बसून काढून देईन.